जनरेटर अंगणात, रुग्ण घरात

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात येऊन धडकले. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब मोडून पडले आणि कित्येक गावांत पुढे अनेक दिवस, काही ठिकाणी तर अनेक आठवडे वीज आली नाही. याच पट्ट्यात मी बरीच वर्षे प्रॅक्टिस करतो. त्या दिवसांतील एक रात्र मी विसरू शकत नाही, कारण त्या रात्री माझी स्वतःची मोठी चूक होता होता राहिली.

वादळानंतरच्या चौथ्या दिवशी एका घरून मोटारसायकलवर निरोप आला : आईला उलट्या होत आहेत, लगेच या. घरातले काका सत्तरी ओलांडलेले. फुप्फुसांच्या जुन्या विकारामुळे ते दिवसातले बहुतेक तास ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असत. वीज गेल्यावर मुलाने धावपळ करून एका मांडववाल्याकडून पेट्रोलवर चालणारा छोटा जनरेटर आणला होता. पावसात भिजू नये म्हणून तो पडवीत ठेवला होता आणि काकांच्या खोलीची खिडकी त्याच पडवीत उघडत होती.

मी काकूंना तपासले. त्यांचे डोके दुखत होते, मळमळत होते, चालताना तोल जात होता. बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावला, तर आकडा ९८. काकांचा ९६. मी निश्चिंत झालो. चार दिवसांचे जागरण, विहिरीचे गढूळ पाणी, वयोमान... अशी कारणे मनाशी जुळवून मी उलटीची गोळी दिली आणि बॅग उचलली. दारात त्यांची आठ-नऊ वर्षांची नात उभी होती. ती म्हणाली, “डॉक्टरकाका, माझंपण डोकं दुखतं. पण मशीन चालू असलं कीच. सकाळी अंगणात खेळायला गेले की थांबतं.”

मी जागच्या जागी थांबलो. जनरेटर बंद करायला लावला, सर्वांना अंगणात आणले, गाडीतला ऑक्सिजन सिलिंडर काकूंना लावला, घरातला राखीव सिलिंडर काकांना जोडला आणि पडलेली झाडे चुकवत दोघांना रुग्णालयात पोहोचवले. सर्वजण बरे झाले. पुढे मी मुलाला विचारले, “जनरेटर इतका जवळ का ठेवलास?” त्याचे उत्तर साधे होते : “डॉक्टर, वायर पुरत नव्हती.”

वाचकहो, या लेखाचे सार त्या एका वाक्यात आहे. जनरेटर घराजवळ येतो तो बहुतेक वेळा आखूड वायरीमुळे. म्हणून त्याच्या सॉकेटचा सुरक्षित वापर ही बाब केवळ वायरमनची नाही, तर घरात रुग्ण सांभाळणाऱ्या प्रत्येकाची आहे.

ऑक्सिमीटर जे सांगत नाही

जनरेटरचे इंजिन पेट्रोल किंवा डिझेल जाळते, तेव्हा धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड हा वायू बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही. धुराचा वास येत नाही म्हणजे हा वायू नाही, असे समजू नये. रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने त्याला धरून ठेवते. परिणामी रक्त वाहत राहते, पण मेंदूला आणि हृदयाला ऑक्सिजन मिळत नाही.

इथेच माझी फसगत झाली होती. आपण घरी वापरतो तो साधा पल्स ऑक्सिमीटर रक्ताचा लाल रंग प्रकाशाच्या साहाय्याने मोजतो. कार्बन मोनॉक्साइडने भरलेले हिमोग्लोबिनही त्याला ऑक्सिजनने भरलेल्या हिमोग्लोबिनसारखेच दिसते. त्यामुळे रुग्ण गुदमरत असतानाही आकडा ९७-९८ दिसू शकतो. कोविडच्या काळात हे छोटे उपकरण घरोघरी पोहोचले आणि आपला त्यावर विश्वास बसला. तो विश्वास या एका प्रसंगी बाजूला ठेवावा लागतो.

लक्षणेही फसवी असतात. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, थकवा, धाप, छातीत दुखणे. वृद्धांमध्ये याखेरीज गोंधळलेपणा, असंबद्ध बोलणे, गाढ झोप. घरातील माणसे याला ‘वय झाले’ म्हणतात, कधी अर्धांगवायू समजतात. ओळखण्याची खूण अशी : जनरेटर सुरू असताना घरातील एकाहून अधिक जणांना एकाच वेळी त्रास होतो आणि मोकळ्या हवेत गेल्यावर तो कमी होतो. हृदयरोग, दम्याचा किंवा फुप्फुसांचा विकार आणि रक्ताची कमतरता असलेल्यांना कमी मात्रेतही हा वायू घातक ठरतो.

आधी वायर, मग जनरेटर

जनरेटर घरात, पडवीत, गच्चीच्या जिन्यात, गोठ्यात, गॅरेजमध्ये किंवा फ्लॅटच्या बाल्कनीत कधीही चालवू नये. कौलारू घर हवेशीर असते, खिडक्या उघड्या आहेत, पंखा लावला आहे, ही कारणे पुरेशी नाहीत. दारे-खिडक्यांपासून किमान ६ मीटर, म्हणजे सुमारे २० फूट अंतर हवे. सायलेन्सरचे तोंड आपल्याच नव्हे, तर शेजाऱ्यांच्या घराकडेही नसावे. पावसापासून आडोसा हवा असेल, तर चार खांबांवर पत्रा टाकावा. बाजू मात्र चारही मोकळ्या ठेवाव्यात.

आता अंगणातील जनरेटरपासून रुग्णाच्या पलंगापर्यंतचे अंतर दोरीने मोजा. ते बहुधा १२ ते १५ मीटर भरेल. तेवढी वायर घरात नसेल, तर जनरेटर ठरवण्याआधी ती घ्या. घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

वायर तीन तारांची, म्हणजे फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग असलेली, तांब्याची आणि आयएसआय चिन्ह असलेली हवी. सुमारे १००० वॉटपर्यंतच्या लोडसाठी किमान १.५ चौरस मिलिमीटर जाडीची वायर घ्यावी. लोड त्याहून जास्त असेल, तर २.५ ची. लग्नमांडवातली बारीक, जागोजागी टेप गुंडाळलेली दोन तारांची वायर रुग्णाच्या यंत्रासाठी नको. बारीक वायर गरम होते आणि तिच्या दुसऱ्या टोकाला विजेचा दाबही कमी मिळतो.

वायर रिळावर गुंडाळलेली असेल, तर पूर्ण उलगडून वापरावी, कारण गुंडाळलेल्या वायरीत उष्णता कोंडते. ती दाराच्या फटीत चिरडू नये, सतरंजीखाली लपवू नये आणि काठी टेकून चालणाऱ्याच्या वाटेत आडवी टाकू नये. आजी-आजोबांचे पडणे हाही अपघातच आहे. वायर आत घेण्यासाठी खिडकी थोडी उघडावी लागली, तर ती जनरेटरच्या विरुद्ध बाजूची निवडावी आणि उरलेली फट कापडाने बंद करावी.

काही कंपन्या आपला कॉन्सन्ट्रेटर एक्स्टेंशनवर लावू नये, अशी स्पष्ट सूचना देतात. म्हणून यंत्र पुरवणाऱ्याला आधीच विचारावे की, जनरेटरवर आणि लांब वायरीवर हे यंत्र चालेल का, आणि चालत असेल तर कोणत्या वायरीवर.

सॉकेटला काय लावावे, किती लावावे

जनरेटरवरचे सॉकेट घरातल्या सॉकेटसारखेच दिसते, पण त्याच्यामागची शक्ती मर्यादित असते. यंत्रावरच्या पाटीवर दोन आकडे असतात : एक सतत चालवण्याचा आणि दुसरा क्षणभर पेलण्याचा. आपला हिशेब पहिल्या आकड्यावर करावा. पाटीवर केवीए असेल, तर वॉट त्याहून कमी मिळतात, ०.८ पॉवर फॅक्टर असलेला १ केवीएचा जनरेटर सतत ८०० वॉट देतो. शिवाय प्रत्येक सॉकेटला स्वतःची मर्यादा असते. २३० व्होल्टला ६ अँपिअरचे सॉकेट सुमारे १३८० वॉट पेलते, १६ अँपिअरचे सुमारे ३६८०. यांतील जी मर्यादा लहान, तीच आपली मर्यादा.

रुग्णाची उपकरणे फारशी वीज खात नाहीत. ५ लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३०० ते ४०० वॉट, नेब्युलायझर १०० ते २०० वॉट, हवेच्या गादीचा पंप सुमारे १० वॉट, छताचा पंखा ५० ते ७५ वॉट, एलईडी दिवा ९ वॉट. हे सर्व मिळून ७०० वॉटच्या आसपास होतात. घोटाळा होतो तो पाण्याचा पंप, मिक्सर, गिझर आणि फ्रिज यांमुळे. मोटर असलेली यंत्रे सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट वीज ओढतात. त्या झटक्याने दाब खाली येतो आणि कॉन्सन्ट्रेटर बंद पडून अलार्म देऊ लागतो. म्हणून रुग्णाचे उपकरण चालू असताना त्याच जनरेटरवर पंप लावू नये.

इन्सुलिनसाठी फ्रिज लगेच चालवायची गरज नसते. दार उघडले नाही, तर फ्रिज सुमारे ४ तास थंड राहतो. वापरात काढलेले बहुतेक प्रकारचे इन्सुलिन ३० अंशांच्या आतल्या तापमानात सुमारे चार आठवडे टिकते. ओल्या कापडात गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात, पाण्याचा स्पर्श होणार नाही अशा डबीत ते ठेवता येते. आपल्या प्रकाराची मुदत मात्र वेष्टनावर पाहून घ्यावी.

जोडण्याचा क्रम ठरलेला असावा. प्रथम कोणतेही उपकरण न लावता जनरेटर सुरू करावा, दोन-तीन मिनिटे त्याचा आवाज एकसारखा होऊ द्यावा. मग उपकरणाचे बटण बंद ठेवून प्लग लावावा आणि नंतर बटण चालू करावे. मोठे उपकरण आधी, लहान नंतर, एका वेळी एकच. बंद करताना याच्या उलट : आधी उपकरणे, शेवटी जनरेटर. सुरू झाल्यावर पूर्ण शुद्धतेचा ऑक्सिजन द्यायला कॉन्सन्ट्रेटर काही मिनिटे घेतो. तेवढा वेळ रुग्णाला सिलिंडरवर ठेवावे.

आपल्याकडे प्लग नसला, की उघड्या तारा सॉकेटच्या भोकांत घालून काडेपेटीच्या काड्या खोचण्याची जुनी सवय आहे. तीन पिनांचा प्लग बसत नसेल, तर जाड पिन मोडली जाते. ती जाड पिन अर्थिंगची आहे, म्हणजेच रुग्णाच्या जिवाची आहे. एका एक्स्टेंशन बोर्डात दुसरा आणि दुसऱ्यात तिसरा अशी साखळीही करू नये. सॉकेट काळवंडले, प्लग हाताला गरम लागला किंवा जळका वास आला, तर लगेच बंद करावे.

घरातल्या भिंतीत वीज उलटी सोडू नका

त्याच घरात मला आणखी एक वस्तू दिसली : दोन्ही टोकांना पिन असलेली वायर. तिचे एक टोक जनरेटरला आणि दुसरे भिंतीतल्या सॉकेटला लावून सगळ्या घरात दिवे लावायचा मुलाचा विचार होता. हा उपाय अनेक ठिकाणी ‘युक्ती’ म्हणून सांगितला जातो. ती युक्ती जीवघेणी आहे.

अशा वायरीचे एक टोक निघाले, तर उघड्या पिनांत २३० व्होल्ट जिवंत असतात. नातवंडाचा हात लागायला क्षण पुरतो. याहून गंभीर म्हणजे मेन स्विच चालू राहिला, तर वीज घराबाहेर, खांबावरच्या तारांत जाते. रोहित्र उलटेही काम करते. त्यातून घरातल्या दाबाची वीज पलीकडे ११,००० व्होल्टच्या तारेत पोहोचू शकते. त्या तारेवर, लाइन बंद आहे असे समजून, कुणीतरी काम करत असतो. निसर्ग वादळानंतर राज्याच्या इतर भागांतून आलेले वीज कर्मचारी आमच्याकडे रात्रंदिवस खांबांवर चढत होते. आपल्या घरातला एक दिवा त्यांपैकी एखाद्याच्या जिवावर बेतू शकला असता. आणि मुख्य वीज अचानक आली, तर जनरेटर पेटण्याचाही धोका असतो.

संपूर्ण घराला जनरेटर जोडायचाच असेल, तर परवानाधारक वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा. त्यात एका वेळी एकच वाट खुली राहते : बाहेरची वीज किंवा जनरेटर. तो नसेल, तर प्रत्येक उपकरण वायरीने थेट जनरेटरच्या सॉकेटलाच जोडावे.

ओले हात आणि अर्थिंग

कोकणात वीज जाते ती भर पावसात. जमीन ओली, हात ओले, पाय अनवाणी. सॉकेटला हात लावण्यापूर्वी हात कोरडे करावेत, पायात रबरी चप्पल असावी, जनरेटर उंच आणि कोरड्या जागी असावा. एक्स्टेंशनचे जोड चिखलात लोळू देऊ नयेत. ते विटेवर किंवा स्टुलावर, पागोळ्यांपासून दूर ठेवावेत.

गळती होताच ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारे आरसीसीबी हे साधन (अनेक वायरमन त्याला अजूनही ईएलसीबी म्हणतात) जनरेटरच्या वाटेवर असणे चांगले. परंतु त्याचे ‘टेस्ट’ बटण दाबल्यावर ते पडले, एवढ्यावर समाधान मानू नये. पुष्कळ छोट्या जनरेटरमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग एकमेकांना जोडलेले नसतात. अशा वेळी बटणाची चाचणी यशस्वी होते, पण प्रत्यक्ष गळतीला हे साधन अपेक्षेप्रमाणे काम करीलच असे नाही. ही जोडणी यंत्राच्या पुस्तिकेनुसार जाणकार वायरमनकडूनच तपासून घ्यावी. स्वतः प्रयोग करू नयेत.

पेट्रोल भरताना जनरेटर बंद करून किमान १५ मिनिटे थंड होऊ द्यावा. तापलेल्या इंजिनावर सांडलेले पेट्रोल भडकते. पेट्रोलचा कॅन रुग्णाच्या खोलीत ठेवू नये. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण आग झपाट्याने वाढवतो. म्हणून सिलिंडर आणि कॉन्सन्ट्रेटरजवळ समई, उदबत्ती, मेणबत्ती, विडी काहीही नको.

अघटित घडलेच तर

कुणाला शॉक लागला, तर त्याला हात लावू नका. आधी जनरेटर बंद करा. मग श्वास पाहा. श्वास नसेल, तर १०८ क्रमांकावर फोन करून छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी जोरात, मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब देत राहा. शॉकनंतर माणूस उठून बसला, तरी त्याचा ईसीजी काढून घ्यावा.

वायूची शंका आली, तर ऑक्सिमीटर पाहत बसू नका. सर्वांना मोकळ्या हवेत आणा, जनरेटर बंद करा, १०८ ला कळवा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा, “घरात जनरेटरचा धूर आला होता.” हे वाक्य आमचे निदान बदलते. साध्या हवेत शरीरातला निम्मा कार्बन मोनॉक्साइड जायला चार ते सहा तास लागतात. रुग्णालयात जास्त ऑक्सिजन दिल्यावर तो वेळ बराच कमी होतो. बरे वाटू लागले, तरी तपासणी टाळू नये. विस्मरण, चालण्यातला अडखळेपणा असे परिणाम काही दिवसांनी किंवा आठवड्यांनीही दिसू शकतात.

पावसाळ्यापूर्वी एक तालीम

मे महिन्यात, ऊन असताना, घरातल्या सर्वांनी मिळून एकदा तालीम करावी. जनरेटर ठरलेल्या जागी ठेवावा, वायर टाकावी, कॉन्सन्ट्रेटर अर्धा तास चालवून पाहावा. रात्री कोण उठेल, पेट्रोल कोण भरेल, हे ठरवावे. राखीव सिलिंडरचा काटा पाहावा. भरलेल्या बी टाइप सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर ऑक्सिजन असतो; मिनिटाला २ लिटर या दराने तो साधारण १२ तास पुरतो. दर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नये. झोपण्याच्या खोलीजवळ बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म लावावा. धुराचा अलार्म वेगळा असतो, तो या वायूसाठी चालत नाही.

काकांच्या घरी आता अंगणाच्या टोकाला, आंब्याखाली, चार खांबांवर पत्रा आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाच्या वेळी पुन्हा वीज गेली, तेव्हा जनरेटर तिथे चालला. लांब, जाड काळी वायर मागच्या खिडकीतून खोलीत आली होती. मी गेलो तेव्हा नातीने मला ती अभिमानाने दाखवली आणि म्हणाली, “डॉक्टरकाका, आता वायर पुरते.”

आपल्याही घरी ती पुरते का, हे आज संध्याकाळी एकदा दोरी घेऊन मोजून पाहा.